पंचिंग खात्यातली रेणुकाक्का

कारखान्यात रुजू झाले त्या सकाळी रेणुकाक्का मला पहिल्यांदा जे बोलली ते एवढंच होतं, "थांब. तिथंच थांब."

मी पिवळ्या पट्टीवर उभी होते. पट्टीच्या पलीकडे मशीनं. ती आली, माझी ओढणी गळ्यातून काढली, घडी करून माझ्याच हातात दिली आणि केसांकडे बघत राहिली. "बांध ते. न्हाईतर माघारी जा."

मी म्हटलं, मी डिस्पॅचला नवीन आहे, नुसती बघायला आले आहे, मशीनला हात लावणार नाही.

"ते मशीनला कुठं ठाऊक हाय," ती म्हणाली.

कुर्त्याला लावलेल्या कार्डावरचं माझं आडनाव वाचून ती सरळ मराठीत शिरली होती. ती निपाणीकडची. आम्ही बेंगळुरूतल्याच जयनगरचे, तिथे किती पिढ्या झाल्या ते आमच्या घरातही कुणाला नीट सांगता येत नाही. माझी मराठी ऐकून ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "तुमची मराठी म्हंजे कन्नडलाच लुगडं नेसवलंय." तिची मराठीही मला नवी होती. तिकडच्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायची. मी येतो, मी बघतो, मी सांगितलो. आमच्याकडे अक्काला तू म्हणतात, म्हणून मीही तिला तू म्हणायला लागले. तिनं ते चालवून घेतलं. बाकीचं फारसं काही ती चालवून घेत नसे.

बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना पुठ्ठ्याची खोकी करायचा. मोबाइल, मिक्सर, चपला ज्या तपकिरी खोक्यांतून घरोघरी येतात ती. एका टोकाला कागदाचे हत्तीएवढे रोल यायचे, वाफेवर तापलेल्या रुळांतून त्यांचा नालीदार पुठ्ठा निघायचा, आणि दुसऱ्या टोकाला घडी घातलेल्या खोक्यांचे गठ्ठे माझ्या ट्रकांत चढायचे. मधे रेणुकाक्काचं पंचिंग खातं. पंचिंग मशीन म्हणजे उभा लोखंडी जबडा. तो उघडला की पुठ्ठा आत सरकवायचा, मिटला की खोक्याचा आकार कापला जायचा, परत उघडला की तो काढून नवा पुठ्ठा घालायचा. जबडा कुणासाठी थांबत नाही. माणसानंच त्याच्या तालावर हात आत-बाहेर करायचे. म्हणून त्याच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात वेळेत बाहेर आला नाही आणि दांडीला लागला, की मशीन जागच्या जागी बंद.

पाळी सुरू होताना रेणुकाक्का सगळ्यांना ओळीत उभं करायची आणि बोटं दाखवायला लावायची. पाळी सुटतानाही तेच. ओडिशा-झारखंडकडून आलेली दांडगी माणसं शाळेतल्या पोरांसारखी दोन्ही पंजे पसरून उभी राहायची आणि ही पाठीमागं हात बांधून पुढून चालत जायची. सुरुवातीला मला हसू यायचं. एकदा विचारलं, तर म्हणाली, "घरनं आणलेलं सामान घरी न्यायचं असतंय."

तिचं हिंदी भयंकर होतं आणि त्याची तिला पर्वा नव्हती. कुणी मशीनवर असताना मोबाइलकडे बघितलं तर तिचा आवाज सगळ्या खडखडाटावरून यायचा, "मशीन तेरा मामा लगता है क्या? वो संभालेगा तेरे को?" सुशांत नावाचा ओडिशाचा एक तिशीतला कामगार होता. तो तिला पाठीमागे पुलिस दीदी म्हणायचा. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. दोघांचं दर दिवसाआड वाजायचं. त्याला वाटायचं, ही बाई आपल्यावर डूख धरून आहे. थोडं खरंही होतं. मुतारीला जास्त वेळ लागला तरी ती सगळ्यांदेखत विचारायची. तोंडाला वास येतो म्हणून तिनं एकाला गेटवरूनच परत पाठवलं होतं. त्याचा त्या दिवसाचा खाडा झाला आणि तो खरं म्हणजे खोकल्याचं औषध घेऊन आला होता. ती चुकली हे कळल्यावरही तिनं माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला हलकं काम दिलं, एवढंच.

एकदा मुंबईहून मोठ्या गिऱ्हाइकाचे साहेब कारखाना बघायला आले. आमचे प्लँट मॅनेजर श्रीधर सर त्यांना घेऊन फिरत होते. साहेबांच्या गळ्यात पाहुण्यांचं कार्ड, लांब पट्टीला लटकलेलं. ते छपाईच्या रुळांवर वाकून बघायला लागले आणि मागून आलेल्या रेणुकाक्कानं न बोलता ती पट्टी त्यांच्या डोक्यावरून उपसून काढली. साहेबांचा चष्मा पडला. श्रीधर सरांचा चेहरा उतरला. रेणुकाक्कानं चष्मा उचलला, कमरेला खोचलेल्या पदरानं पुसला, परत दिला, आणि कार्ड साहेबांच्या खिशात खुपसून निघून गेली. त्या संध्याकाळी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून बरंच सुनावलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काय न्हाई. सर चांगला माणूस हाय. भित्रा हाय, पण चांगला."

श्रीधर सर खरंच वाईट नव्हते. ते कुणावर ओरडत नसत. पण त्यांच्यावर ओरडणारे वर होते.

दसऱ्या-दिवाळीच्या आधी ऑनलाइन विक्रीचा हंगाम येतो तेव्हा खोक्यांच्या कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या वर्षी मालकांनी आवाक्याबाहेरची ऑर्डर घेतली होती. माझे ट्रक गेटबाहेर सर्व्हिस रोडवर उभे राहायचे आणि ड्रायव्हर मला येऊन विचारायचे, मॅडम, आज तरी भरणार का. अडायचं ते पंचिंगला. हात जरा जास्त घाईनं चालले की दांडीला लागायचे, मशीन थांबायचं, पुन्हा चालू करायचं, पुन्हा थांबायचं. दांडी वर करून तारेनं बांधून टाकली की मशीन थांबायचं कारणच उरत नाही. आजूबाजूच्या कारखान्यांत हे सर्रास चालायचं. आमच्याकडे चालत नसे, कारण खातं रेणुकाक्काचं होतं.

श्रीधर सर तिच्याकडे आले तेव्हा मी ट्रकांचं सांगायला तिथेच उभी होते. त्यांनी कन्नडमध्ये, अगदी हळू, सांगितलं की हा आठवडा निभावला पाहिजे.

"माणसं द्या," रेणुकाक्का म्हणाली. "पाळी वाढवा. दांडी न्हाई बांधायची."

"माणसं कुठून आणू, अक्का?"

"मग ट्रक थांबू देत."

ते गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. या वेळी त्यांनी वेगळाच विषय काढला. पेस्टिंग खात्यात बायका होत्या, खोक्यांच्या कडा चिकटवणाऱ्या. वर्षानुवर्षं ठेकेदाराच्या नावावर राबणाऱ्या. त्यांना कायम करून घ्यावं म्हणून रेणुकाक्का कितीतरी दिवस मागे लागली होती. त्यांतली मंजुळा तर तिची शेजारीण. चंदापुऱ्यात एकाच चाळवजा वठारात, समोरासमोरच्या खोल्यांत दोघी राहायच्या, एकत्र कामावर यायच्या. मंजुळा कोलारकडची, मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण रेणुकाक्काची मुलगी बेळगावहून सुट्टीला आली की मंजुळाकडेच जेवायची. श्रीधर सर म्हणाले, ही ऑर्डर वेळेवर गेली तर मालकांकडून त्या बायकांचं काम मी करून घेतो. शब्द देतो.

 रेणुकाक्कानं पेस्टिंगच्या टेबलांकडे बघितलं. मंजुळा मान खाली घालून गोंद फिरवत होती. तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

"एक पाळी," रेणुकाक्का शेवटी म्हणाली. "फक्त आजची. संध्याकाळी सोडणार."

"सरी, अक्का, ठीक आहे," सर म्हणाले.

तार तिनं स्वतः बांधली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मशीन सुशांतचं होतं. त्याला तिनं हिंदीत परत परत सांगितलं, सावकाश, घाई करू नकोस, आज हे थांबणार नाही, आज तूच थांबायचंस. तो हसत होता. "दीदी, आज आप डर रहे हो?"  ती तिथून हलली नाही. दुपारचं जेवणही तिनं तिथेच उभ्यानं उरकलं.

दुपार टळेपर्यंत काम सुरळीत चाललं. एक ट्रक भरला, दुसरा लागला. मी गेटशी होते. मग आतून एक आवाज आला, माणसाचा, आणि त्यामागोमाग कारखान्यातलं एकेक मशीन बंद पडत गेलं. कारखान्यात शांतता फार वाईट असते.

मी पोचले तेव्हा सुशांत मशीनला टेकून उभा होता, असं वाटलं. तो टेकला नव्हता, अडकला होता. उजवा पंजा जबड्यात होता. तो ओरडायचा थांबला होता आणि नुसता रेणुकाक्काकडे बघत होता. मशीन उलटं फिरवायचं तर बाजूचं मोठं चाक हातानं मागं ओढावं लागतं. दोघंजण चाकाला लटकले होते, पण घाबरून एकजण इकडे, दुसरा तिकडे ओढत होता. रेणुकाक्कानं दोघांना बाजूला ढकललं, पाय मशीनच्या बैठकीला लावला आणि चाक ओढलं. एकदा नाही हललं. दुसऱ्यांदा हललं. जबडा इंचभर उघडला आणि मंजुळानं मागून सुशांतला धरून ओढून घेतलं. कधी आली ती कुणास ठाऊक. रेणुकाक्कानं आपला पदर फाडून हात गुंडाळला. त्याला माझ्या ट्रकाच्या केबिनमधूनच इस्पितळात नेलं, कारण ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायला ती तयार नव्हती.

उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

त्यानंतरचे दिवस मला अपघातापेक्षा जास्त आठवतात. कारखाना चालू होता, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सरकारी निरीक्षक चौकशीला येणार असं कळलं आणि त्याच्या आदल्या दुपारी श्रीधर सरांनी रेणुकाक्काला केबिनमध्ये बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं, माझं टेबल बाहेर.

"दांडी सुशांतनंच बांधली," सर म्हणाले. "त्याला लवकर काम संपवायचं होतं. असं कामगार करतातच. तुम्ही जेवायला गेला होतात."

"मी जेवायला कुठं गेलो नव्हतो."

"अक्का, नीट ऐका. त्यानं स्वतःहून बांधली म्हटलं तर कारखान्यावर काही येत नाही, तुमच्यावर येत नाही."

"आणि त्याला भरपाई?"

 कामगारानं मुद्दाम दांडी काढली असं ठरलं की भरपाई अडते, हे दोघांनाही माहीत होतं. मग सर म्हणाले, "आम्ही त्याच्याकडे बघू. आपल्या पद्धतीनं. आणि मंजुळाचं, त्या बाकीच्या बायकांचं काम झालंय असं समजा. पण कारखान्यावर केस उभी राहिली तर मालक कुणाचंच ऐकणार नाहीत. तार बांधणारे हात तुमचे होते, अक्का. मी काही लिहून दिलं नव्हतं."

ती बाहेर आली. माझ्या टेबलाशी थांबली, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली. झाकण लावायचं विसरून बाटली तशीच ठेवली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तू काय करणार, अक्का?"

"ठाऊक न्हाई," ती म्हणाली. खरोखरच तिला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी ती आणि मंजुळा गेटमधून एकत्र बाहेर पडल्या. मंजुळा भराभर काहीतरी बोलत होती आणि रेणुकाक्का ऐकत होती. मंजुळाला काय सांगितलं गेलं असेल, याचा अंदाज करायला फार डोकं लागत नव्हतं. पेस्टिंगच्या बायकांमध्ये दिवसभर कुजबुज होती. कायम होणार, अक्कानं सांभाळून घेतलं तर.

निरीक्षक मध्यमवयीन, थकलेले गृहस्थ होते. मशीन बघून झाल्यावर ते मीटिंगच्या खोलीत बसले. डिस्पॅचची माहिती लागली तर असावी म्हणून मला कोपऱ्यात बसवलं होतं. श्रीधर सर निरीक्षकांच्या शेजारी. रेणुकाक्का आली तेव्हा बसा म्हटल्यावरही उभीच राहिली.

"दांडी कुणी बांधली?" निरीक्षकांनी कन्नडमध्ये विचारलं.

पंख्याचा आवाज येत होता. श्रीधर सर पेनचं टोपण काढून परत लावत होते. काचेपलीकडे पेस्टिंगची टेबलं दिसत होती आणि एकही बाई काम करत नव्हती. सगळ्या इकडे बघत होत्या.

 निरीक्षकांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"मी बांधली," ती म्हणाली. कन्नडमध्येच, पण मला ते तिच्या बोलीतच ऐकू आलं. मी बांधलो. "सरांनी सांगितलं, ऑर्डरसाठी. पहिल्या दिवशी नाही म्हटलं, दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. हो मी म्हटलं. सुशांतनं दांडीला हात लावला नाही. त्याचं लिहू नका."

"तुमच्यावर कारवाई होऊ शकते, कळतंय ना?"

"कळतंय."

श्रीधर सरांनी डोळे मिटले. ते रागावले असं मला वाटलं नाही. बराच वेळ उभ्या राहिलेल्या माणसाला बसायला मिळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता, क्षणभर. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि सगळं नाकारलं.

रेणुकाक्काला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं. ती सामान घ्यायला पेस्टिंगच्या बाजूनं गेली. बायकांनी माना वर केल्या नाहीत. मंजुळा मात्र उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुला तुझं मन साफ करायचं होतं. किंमत आम्ही द्यायची." रेणुकाक्कानं ऐकून घेतलं. ती कधी कुणाचं ऐकून घेत नसे, पण त्या दिवशी घेतलं. नंतर कळलं की तिनं चंदापुऱ्यातली खोलीही सोडली. समोरासमोरची दारं, रोज मंजुळाचं तोंड दिसायचं. जिगणीला एका कागदी कप करणाऱ्या छोट्या कारखान्यात ती पॅकिंगला लागली. साधी कामगार म्हणून, तिच्या निम्म्या वयाच्या सुपरवायझरच्या हाताखाली.

बायका कायम झाल्या नाहीत. श्रीधर सरांना दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात पाठवलं. पंचिंगच्या मशीनांना नवीन पद्धतीच्या दांड्या आल्या, ज्या बांधताच येत नाहीत. सुशांतला भरपाई मिळाली, पण उशिरा, आणि कंपनीनं शेवटपर्यंत भांडून.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या भरपाईच्या सुनावणीत. कामगार खात्याच्या कार्यालयातला लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून बाकं. मी कंपनीच्या वकिलांबरोबर फायली घेऊन आले होते, म्हणजे समोरच्या बाकावर. कंपनीनं साक्षीसाठी मंजुळालाही आणलं होतं. ती माझ्या शेजारी बसली होती, ताठ, हातात पर्स घट्ट धरून. पलीकडे रेणुकाक्का. सुशांतची बायको गावाहून आली होती, ती तिच्या बाजूला. सुशांत उभा, उजवा हात खिशात.

रेणुकाक्का बारीक झाली होती. मला बघून म्हणाली, "जेवलीस काय गं?"

मी नाही म्हटलं. मग मला तिच्याशी बोलावंसं वाटलं, पण वकील बघत होते. तिच्या ते लक्षात आलं. "बस तिथंच," ती म्हणाली. "तू तुझं काम कर. मी माझं करतो."

दुपार झाली तरी नाव पुकारलं जाईना. तिनं डबा उघडला. भाकरी आणि काहीतरी कोरडी भाजी. एक भाकरी सुशांतच्या बायकोला दिली. मग एक भाकरी मोडली, अर्धी झाकणावर ठेवली, आणि उठून व्हरांडा ओलांडून मंजुळासमोर धरली. 

मंजुळानं तोंड फिरवलं.

रेणुकाक्का तशीच उभी राहिली. मग तिनं झाकण आणि डबा दोन्ही मंजुळाच्या शेजारी बाकावर ठेवलं आणि आपल्या जागी जाऊन बसली. जेवलीच नाही. तेवढ्यात आतून शिपायानं तिचं नाव पुकारलं. तिनं पदर सारखा केला, सुशांतला हिंदीत म्हणाली, "सीधा खड़ा रह," आणि आत गेली. दार बंद झालं.

आतून वकिलांचा आवाज येत होता. तोच प्रश्न ते फिरवून फिरवून विचारत होते, तार तुम्हीच बांधली ना, म्हणजे दोष तुमचाच ना. आणि दर वेळी तिचा आवाज, मशीनांवरून यायचा तसा, स्पष्ट. होय. होय.

बाकावर उघड्या डब्याकडे मुंग्यांची एक रांग निघाली होती. मंजुळानं ती पाहिली. थोडा वेळ नुसतीच पाहिली. मग तिनं हाताच्या पंजानं मुंग्या झाडल्या, अर्धी भाकरी डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि डबा मांडीवर घेऊन बंद दाराकडे बघत बसली.